मार्क्सच्या आधीचा समाजवाद

समाजवादाची गोष्ट बहुतेक वेळा कार्ल मार्क्सपासून सुरू केली जाते. १८४८ साली लंडनमध्ये कम्युनिस्ट जाहीरनामा छापला गेला आणि तिथून समाजवाद निघाला, असा आपल्याकडे पक्का समज आहे. प्रत्यक्षात तोवर ‘समाजवादी’ हा शब्द इंग्लंडमध्ये छापून येऊन वीस वर्षं झाली होती. स्कॉटलंडमधली एक गिरणी-वसाहत सगळ्या युरोपात गाजून जुनी झाली होती. फ्रान्समध्ये ल्योंच्या रेशीम विणकरांनी दोनदा उठाव केला होता, आणि रॉचडेल गावात कामगारांनी स्वतः काढलेल्या किराणा दुकानाला चौथं वर्ष लागलं होतं. त्या आधीच्या पन्नास वर्षांबद्दल मला लिहायचं आहे. कारण समाजवादातला सगळ्यात खोल वाद त्याच काळात उभा राहिला: कष्टकऱ्यांचं भलं कोणी करायचं? वर बसलेल्या एखाद्या सज्जनाने, की त्यांनी स्वतः?

सुरुवात सुतापासून करावी लागते. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधला विणकर घरीच माग चालवायचा. त्याची अडचण एकच, सूत पुरत नसे. एका मागाला लागणारं सूत कातायला कितीतरी हात लागायचे. १७६० च्या दशकात हारग्रीव्हजचं ‘जेनी’ हे सूत कातायचं यंत्र आलं. १७७१ मध्ये आर्कराइटने क्रॉमफर्डला पाण्याच्या जोरावर चालणारी सूतगिरणी सुरू केली. सूत मुबलक झालं, पण विणकाम अजून हातमागावरच होत होतं. त्यामुळे विणकरांना सुगीचे दिवस आले आणि ज्याला जमेल त्याने माग घेतला. १८२० च्या सुमारास ब्रिटनमध्ये हातमाग विणकरांची संख्या सुमारे २ लाख ४० हजारांवर पोचली होती. मग गर्दी वाढली, मजुरी पडू लागली, आणि यंत्रमागाने उरलासुरला आधारही काढून घेतला. बोल्टन गावात शतकाच्या सुरुवातीला आठवड्याला वीस शिलिंगांहून अधिक मिळवणारा विणकर १८३० च्या सुमारास पाच-सहा शिलिंगांवर आला. दिवसभराचं काम मात्र तेवढंच राहिलं, किंबहुना वाढलंच.

याच काळात कापडाचं उत्पादन कितीतरी पटींनी वाढलं. १८०१ साली सुमारे ७५ हजार वस्तीचं मँचेस्टर १८५१ पर्यंत तीन लाखांच्या घरात गेलं. संपत्ती डोळ्यांसमोर वाढत होती, आणि ती निर्माण करणारा माणूस त्याच वेगाने खाली जात होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. गरिबी युरोपला नवी नव्हती. पाऊस पडला नाही, पीक गेलं, म्हणून उपासमार झाली, हे लोकांना कळत होतं. आता मात्र गोदामं मालाने भरलेली आहेत, माल खपत नाही म्हणून गिरणी बंद आहे, आणि गिरणी बंद आहे म्हणून माणसं उपाशी आहेत, असं घडू लागलं. टंचाईमुळे येणारी गरिबी आणि मुबलकतेतून येणारी गरिबी यांत फार मोठा फरक आहे. समाजवादी विचार या दुसऱ्या गरिबीचं कोडं सोडवायला निघाला.

कायद्याचं उत्तर सरळ होतं: मालक आणि मजूर दोघंही स्वतंत्र आहेत, दोघांनी आपापसात करार करावा, तिसऱ्याने मध्ये पडू नये. फ्रेंच राज्यक्रांतीने जन्माने मिळणारे विशेषाधिकार मोडले, हे तिचं थोर काम. पण त्याच क्रांतीने १७९१ मध्ये ल शापलिए कायदा करून कामगारांच्या संघटनांवरही बंदी घातली. इंग्लंडने १७९९ आणि १८०० मध्ये तसेच कायदे केले. ते १८२४ पर्यंत टिकले. १८१२ मध्ये तर विणकामाची यंत्रं फोडणाऱ्याला फाशीची शिक्षा ठरवण्यात आली. एका बाजूला महिनोन्‌महिने थांबू शकणारा मालक, दुसऱ्या बाजूला उद्या संध्याकाळच्या जेवणाची भ्रांत असलेला माणूस. कायद्यापुढे दोघं समान, आणि त्यातल्या दुसऱ्याने आपल्यासारख्या दहा जणांना जोडून घेणं हा गुन्हा. ही समानता अपुरी आहे असं म्हणणारे लोक निघणारच होते. फ्रान्समध्ये बाबफने ते फार लवकर म्हटलं. मालमत्ता सगळ्यांची सामाईक व्हावी यासाठी त्याने १७९६ मध्ये कट रचला आणि पुढच्या वर्षी त्याला गिलोटिनवर चढवण्यात आलं.

रॉबर्ट ओवेनचा रस्ता वेगळा होता. १७७१ साली वेल्समधल्या न्यूटाउनला साध्या घरात जन्मलेला हा मुलगा दहाव्या वर्षी कापडाच्या दुकानात कामाला लागला आणि विशीतच मँचेस्टरच्या एका मोठ्या सूतगिरणीचा व्यवस्थापक झाला. १७९९ मध्ये त्याने भागीदारांसह स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीकाठची न्यू लॅनार्कची गिरणी विकत घेतली. वसाहतीत सुमारे दोन हजार माणसं राहत होती. त्यांत पाचेकशे मुलं होती, गरिबांच्या आश्रयगृहांतून आणून कामाला लावलेली.

त्या काळच्या मालकांचं ठाम मत असं की मजूर गरीब असतो कारण तो आळशी आणि दारुडा असतो. ओवेनने हे उलटं केलं. माणसाचा स्वभाव परिस्थिती घडवते. परिस्थिती बदला, माणूस बदलेल. आज हे वाक्य शाळेतल्या निबंधात शोभेल असं वाटतं, पण १८०० साली ते धक्कादायक होतं, कारण त्यामुळे दोष मजुराच्या अंगावरून उचलून समाजावर येत होता. ओवेन नुसतं बोलला नाही. दहा वर्षांखालच्या मुलांना त्याने कामावर घेणं बंद केलं, कामाचे तास कमी केले, वसाहतीच्या दुकानात चांगला माल जवळजवळ खरेदीच्या भावात ठेवला आणि त्या दुकानाच्या नफ्यातून शाळेला पैसे दिले. १८१६ मध्ये उघडलेल्या त्या शाळेत अगदी लहान मुलांचा वर्ग होता, नाच-गाणं होतं, नकाशे आणि चित्रं होती, आणि मारायला बंदी होती. अमेरिकेतून कापूस येणं थांबलं तेव्हा गिरणी चार महिने बंद राहिली. ओवेनने त्या चारही महिन्यांचा पगार दिला. आणि गिरणी तरीही नफ्यात चालली. रशियाचा भावी झार निकोलस याच्यासकट कितीतरी बडी मंडळी ही वसाहत बघून गेली.

ओवेनला अडवलं ते एका हिशेबाने. पुढे त्याने लिहून ठेवलं आहे की न्यू लॅनार्कची अडीच हजारांची वस्ती यंत्रांच्या मदतीने जेवढी संपत्ती निर्माण करते, तेवढी करायला पन्नास वर्षांपूर्वी सहा लाखांची वस्ती लागली असती. मग अडीच हजार माणसं जेवढं खातात आणि सहा लाख माणसांनी जेवढं खाल्लं असतं, त्यांतला फरक गेला कुठे? तो भागीदारांच्या व्याजात आणि नफ्यात गेला होता, हे त्याला स्वतःच्या वह्यांवरून माहीत होतं. एका गिरणीमालकाने स्वतःच्या हिशेबाला हा प्रश्न विचारावा, याचं मला फार मोल वाटतं. समाजवादी अर्थविचारातल्या पुढच्या असंख्य पानांचं बीज या प्रश्नात आहे.

तरीही न्यू लॅनार्कमधली एक वस्तू मला खटकते. प्रत्येक कामगाराच्या जागेवर एक छोटा लाकडी ठोकळा टांगलेला असे. त्याच्या चार बाजूंना चार रंग: काळा, निळा, पिवळा, पांढरा. कालचं वागणं वाईट असेल तर काळी बाजू पुढे, उत्तम असेल तर पांढरी. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, दंडही नाही. पण रंग कोणता ते वरचा माणूस ठरवणार. ओवेनने कामगारांसाठी पुष्कळ केलं, गिरणी कशी चालावी हे मात्र त्यांना कधी विचारलं नाही. आपली माणसं आपल्याच मर्जीवर जगणारी गुलाम होती, असं त्याने स्वतःच नंतर कबूल केलं. सरदार, मंत्री, राजे यांना पटवलं की ते आपणहून समाज बदलतील, अशी त्याची बरीच वर्षं समजूत होती. कापड गिरण्यांतल्या बालमजुरीवर कायदा व्हावा म्हणून त्याने खटपट केली. १८१९ मध्ये तो झालाही, पण अंमलबजावणीला निरीक्षकच नव्हते. सरकारी निरीक्षक १८३३ च्या कायद्याने आले, तेही साऱ्या देशासाठी चार. त्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना बहुतेक कापड गिरण्यांत बंदी केली. (मुंबईच्या गिरण्यांना लागू झालेला आपला पहिला कारखाने कायदा १८८१ चा. त्यात किमान वय सात होतं!)

मग ओवेन अमेरिकेला गेला. इंडियानात त्याने १८२५ मध्ये न्यू हार्मनी हे आख्खं गाव विकत घेतलं आणि सामाईक मालमत्तेची वसाहत बसवली. येईल त्याला घेतलं, शेती आणि कारागिरी जाणणारे कमी पडले, नियम पुन्हा पुन्हा बदलले, भांडणं झाली आणि दोन-तीन वर्षांत सगळं संपलं. ओवेनची बहुतेक संपत्ती त्यात गेली.

तो परतला तेव्हा इंग्लंडमधले कामगार त्याच्या कल्पना आपल्या पद्धतीने वापरू लागले होते. रिकार्डोसारखे अर्थशास्त्रज्ञ म्हणत होते की वस्तूचं मूल्य मुख्यतः तिच्यात गेलेल्या श्रमावर ठरतं. थॉमस हॉजस्किनने १८२५ मध्ये त्यावर सरळ विचारलं, मूल्य श्रमातून येतं तर मालकाचा वाटा कशातून येतो? १८३२ मध्ये ओवेनने लंडनमध्ये श्रम-बाजार उघडला. शिंप्याने कोट आणून द्यायचा, कापडाचा खर्च आणि शिवायला लागलेले तास मोजून तेवढ्या तासांची नोट घ्यायची, आणि त्या नोटेवर चांभाराने आणलेले बूट न्यायचे. मध्ये व्यापारी नाही. काही महिने गर्दी झाली. मग लक्षात आलं की लोकांना हवा असलेला माल लगेच उचलला जातो आणि नको असलेला साठत राहतो. किती तास लागले याने वस्तू बनवण्याचा खर्च कळतो, ती कुणाला हवी आहे का ते कळत नाही. १८३४ मध्ये बाजार बंद पडला. पुढच्या प्रत्येक नियोजित अर्थव्यवस्थेने ज्या अडचणीशी झुंज घेतली, ती लंडनच्या शिंप्या-चांभारांना इतक्या लवकर भेटली होती.

फ्रान्समध्ये याच सुमाराला दोन अगदी वेगळी डोकी चालत होती. कोंत द सां-सिमाँ हा सरदार घराण्यातला, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला. १८१९ मध्ये त्याने एक कल्पना मांडली. समजा, फ्रान्सने आपले सगळ्यात चांगले शास्त्रज्ञ, इंजिनियर, कारागीर, शेतकरी, बँकर एका रात्रीत गमावले, तर देश कोलमडेल. आणि समजा, राजाचे भाऊ-नातलग, मंत्री, धर्मगुरू आणि मोठे जमीनदार एका रात्रीत गेले, तर? हळहळ वाटेल, पण कुठलंही काम अडणार नाही. यासाठी त्याच्यावर खटला भरण्यात आला; तो सुटला. त्याची विभागणी मालक-मजूर अशी नव्हती, कामाचे आणि बिनकामाचे अशी होती. कारखानदारही त्याच्या लेखी ‘कामाचा’ होता. उद्योगाचं नियोजन जाणकारांनी करावं ही कल्पना त्याची आणि त्याच्या शिष्यांची. या शिष्यांमधून पुढे रेल्वे आणि बँका उभारणारे लोक निघाले, यात मला विसंगती दिसत नाही.

शार्ल फूर्ये व्यापाऱ्याचा मुलगा, फिरता विक्रेता, आणि व्यापाराचा कट्टर शत्रू. १७९९ मध्ये मार्सेलमध्ये भाव चढावा म्हणून दडवून ठेवलेला आणि शेवटी कुजलेला तांदूळ समुद्रात टाकण्याचं काम त्याच्या वाट्याला आलं, तेही टंचाईच्या काळात. फूर्येच्या लिखाणात काही गोष्टी अगदीच अचाट आहेत. समुद्राचं पाणी लिंबाच्या सरबतासारखं होईल, असंही तो लिहून गेला. पण त्याने एक असा प्रश्न विचारला जो इतर कुणाला सुचला नाही: काम इतकं कंटाळवाणं का असतं? मजुरी वाढवा, तास कमी करा हे ठीक आहे, पण दिवसभर एकच हालचाल करणाऱ्या माणसाचं काय? त्याच्या कल्पनेतल्या सुमारे सोळाशे माणसांच्या वसाहतीत प्रत्येकाने दिवसातून अनेकदा काम बदलायचं होतं, आवडीप्रमाणे. स्त्रियांना जेवढं स्वातंत्र्य तेवढी समाजाची प्रगती, हेही त्याने १८०८ मध्येच लिहिलं. वसाहतीसाठी पैसे देणारा दाता आपल्याला भेटावा म्हणून तो रोज दुपारी ठरलेल्या वेळी घरी वाट पाहत थांबायचा. १८३७ मध्ये तो मरण पावला. दाता आला नाही.

दात्याची वाट न पाहणारे लोक ल्योंमध्ये होते. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि आपल्याकडे तो फारसा सांगितला जात नाही.

ल्योंचा रेशीम धंदा मोठ्या गिरण्यांचा नव्हता. सुमारे चारशे व्यापारी, त्यांच्याकडून रेशीम घेऊन आपल्या घरातल्या मागांवर मजुरीने कापड विणून देणारे सुमारे आठ हजार मागमालक, आणि त्यांच्या हाताखाली तीसेक हजार कारागीर. इचलकरंजीतल्या खर्चीवाल्या यंत्रमागधारकाची स्थिती ज्याला ठाऊक आहे त्याला हे चित्र लगेच कळेल: माग आपला, जागा आपली, कर्ज आपलं, पण सूत व्यापाऱ्याचं आणि मजुरीचा दर त्याच्या हातात. दर घसरत गेले तेव्हा ल्योंच्या विणकरांनी किमान दरपत्रक मागितलं. ऑक्टोबर १८३१ मध्ये सरकारी प्रमुखाने दोन्ही बाजूंना एकत्र बसवून ते ठरवूनही दिलं. शंभरावर व्यापाऱ्यांनी ते मानायला नकार दिला. करार दोन व्यक्तींत होतो, त्यात सरकारने दर ठरवणं स्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे, हे त्यांचं म्हणणं. पॅरिसच्या सरकारलाही तेच पटलं.

२१ नोव्हेंबरला विणकर क्रुआ-रूसच्या टेकडीवरून खाली उतरले. काळ्या झेंड्यावर लिहिलं होतं: ‘काम करत जगू, नाहीतर लढत मरू’. दोन दिवसांच्या लढाईनंतर सैन्य शहर सोडून गेलं आणि फ्रान्समधलं एक मोठं शहर विणकरांच्या ताब्यात आलं. त्यांनी काय केलं? पहारे बसवले, लूट होऊ दिली नाही. राज्य कसं करायचं याचा आराखडा त्यांच्याकडे नव्हता. त्यांना दरपत्रक हवं होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला वीस हजारांची फौज आली, दरपत्रक रद्द झालं, ते घडवून आणणाऱ्या अधिकाऱ्याला हटवण्यात आलं. १८३४ च्या एप्रिलमध्ये दुसरा उठाव झाला, तो तोफांनी मोडला गेला आणि शेकडो माणसं मेली. पण मधल्या काळात या विणकरांनी स्वतःचं साप्ताहिक चालवलं, परस्पर मदतीच्या संस्था बांधल्या. आपल्यासाठी आपणच बोलायचं, हे तिथे शिकलं गेलं.

तो धडा स्पष्ट शब्दांत मांडला एका बाईने. फ्लोरा त्रिस्तां लिथोग्राफीच्या कारखान्यात चित्रं रंगवण्याचं काम करत होती, तिथल्याच मालकाशी तिचं लग्न झालं, ती त्याला सोडून निघाली, आणि १८३८ मध्ये त्याने तिच्यावर गोळी झाडली. त्यातून ती वाचली. १८४३ मध्ये तिने कामगार-एकतेवर पुस्तक लिहिलं. प्रकाशक मिळेना, तेव्हा दारोदार फिरून वर्गणी गोळा केली आणि छापलं. तिचं म्हणणं असं: तुम्हाला वाचवायला कुणी येणार नाही. धंदा, गाव, देश न पाहता सगळ्या कामगारांनी एकच संघटना करावी, प्रत्येकाने वर्षाला दोन फ्रँक द्यावेत, आणि त्यातून गावोगाव मुलांसाठी शाळा आणि म्हाताऱ्यांसाठी आसरा उभारावा. आणि कामगाराच्या घरातल्या बाईला तिचे हक्क मिळाल्याशिवाय कामगार मोकळा होणार नाही, हे तिने कामगारांनाच सुनावलं. ते सांगत फ्रान्सभर फिरताना १८४४ मध्ये बोर्दोला ती वारली, एक्केचाळीस वर्षांची.

त्याच वर्षी २१ डिसेंबरला मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमध्ये अठ्ठावीस जणांनी जेमतेम अठ्ठावीस पौंडांच्या भांडवलावर दुकान उघडलं. त्यांत विणकर होते, ओवेनचे अनुयायी होते, मताधिकारासाठी लढणारे चार्टिस्ट होते. लोणी, साखर, मैदा, ओटचं पीठ, मेणबत्त्या एवढाच माल. भेसळ नाही, मापात खोट नाही, नफा प्रत्येकाच्या खरेदीच्या प्रमाणात परत, आणि भाग कितीही असले तरी माणशी एकच मत. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पतसंस्थेच्या, सोसायटीच्या किंवा साखर कारखान्याच्या सभासदाला हे शेवटचं कलम माहीत असतं.

मार्क्स आणि एंगल्स या सगळ्यानंतर येतात. एंगल्स १८४२ मध्ये वडिलांच्या भागीदारीतल्या कापड व्यवसायासाठी मँचेस्टरला आला, वस्त्यांमधून फिरला, आणि १८४५ मध्ये इंग्लंडच्या कामगारांच्या स्थितीवर जर्मन भाषेत पुस्तक लिहिलं. १८४४ मध्ये पॅरिसला दोघांची खरी गट्टी जमली. आधीच्या मंडळींना त्यांनी ‘काल्पनिक समाजवादी’ म्हटलं. ते नाव इतकं चिकटलं की ओवेन आणि फूर्ये आज अनेकांना फक्त स्वप्नाळू वाटतात. ते अन्यायाचं आहे. जाहीरनाम्यातही त्यांच्या टीकेचं मोल मान्य केलेलं आहे. मार्क्सने नवं काय आणलं? भांडवलशाही ही चूक नसून इतिहासातला एक टप्पा आहे, तिनेच प्रचंड उत्पादनशक्ती जागी केली आणि तिनेच कामगारांना एका छपराखाली आणलं, म्हणून बदलही तेच घडवतील, हा विचार. ओवेनच्या वह्यांतला ‘फरक’ नेमका कसा तयार होतो याचा सिद्धांत त्याने पुढच्या वीस वर्षांत बांधला.

१८४८ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रांती झाली. कामाचा हक्क मांडणारा लुई ब्लां सरकारात गेला, बेकारांसाठी राष्ट्रीय कार्यशाळा निघाल्या आणि लाखावर माणसं त्यांत दाखल झाली. पण त्या चालवणाऱ्यांना त्या यशस्वी व्हायला नकोच होत्या. बहुतेकांना माती खणायला लावलं गेलं. जूनमध्ये त्या बंद केल्या आणि चार दिवस रस्त्यांवर कत्तल झाली. लोकशाही आली की सामाजिक प्रश्न आपोआप सुटेल, ही आशा तिथे संपली.

१८६४ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय कामगार संघ स्थापन झाला तेव्हा एकाच खोलीत ओवेनचे जुने अनुयायी, प्रूदाँ या फ्रेंच समाजवादी विचारवंताला मानणारे फ्रेंच कारागीर, इंग्लिश कामगार पुढारी आणि मार्क्स असे सगळे होते. संघाच्या नियमांचं पहिलंच वाक्य मार्क्सने लिहिलं: कामगारांची मुक्ती कामगारांनीच मिळवायची आहे. फ्लोरा त्रिस्तांचं पुस्तक त्याच्या एकवीस वर्षं आधीचं. १८६६ च्या जिनिव्हा अधिवेशनात संघाने आठ तासांच्या दिवसाची मागणी मंजूर केली. इंग्लंडमध्ये ओवेन आणि गिरणीमालक जॉन फील्डन यांनी तीच मागणी घेऊन १८३३ मध्ये संस्था काढली होती. त्याच अधिवेशनात प्रूदाँवादी प्रतिनिधी स्त्रियांनी कारखान्यात काम करूच नये, त्यांची जागा घरात आहे, असं हट्टाने मांडत होते. त्या वादात फ्लोरा त्रिस्तांच्या बाजूने बोलायला तिथे फार थोडी माणसं होती.